क्षणाचे मोजमाप आणि विज्ञानखोलीची किल्ली

'अनिच्च' हा शब्द आपल्या निवासी शाळेतील बालकाच्या कानावर अगदी लहान वयात पडतो. सर्व संस्कार अनित्य आहेत, जे उपजते ते लय पावते, हे तो वंदनेच्या वेळी ऐकतो आणि पुढे पाठही म्हणतो. वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी मग विचारतो, की सर्व काही क्षणाक्षणाला बदलते, तर तो क्षण केवढा असतो? हा प्रश्न भाबडा नाही. या प्रश्नाला आपण कोणत्या रीतीने सामोरे जातो, यावर आपल्या शाळेत विज्ञान शिकवले जाते की केवळ सांगितले जाते, हे ठरते, असे आमचे मत आहे.

बौद्ध आचार्यांनी या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला होता. वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात काळाचे कोष्टक आहे. १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र. गुणाकार केला की दिवसाचे ६४ लाख ८० हजार क्षण होतात. म्हणजे एका सेकंदात ७५ क्षण. त्याच ग्रंथाच्या भाष्यात आभिधार्मिकांचे आणखी एक मत येते: बलवान पुरुष चुटकी वाजवतो तेवढ्यात ६५ क्षण लोटतात. आता ही दोन मापे शेजारी ठेवावीत. कोष्टकाप्रमाणे ६५ क्षणांना जवळजवळ एक पूर्ण सेकंद लागतो, आणि चुटकी तर त्याच्या कितीतरी आत वाजून संपते. दोन्ही मापे एकमेकांशी जुळत नाहीत.

ही विसंगती दाखवण्यात आचार्यांचा अधिक्षेप नाही. ज्या काळी घटिकापात्राहून सूक्ष्म साधन हाती नव्हते, त्या काळी क्षणाला संख्या असावी आणि ती लहान असावी, असा विचार करणे हेच मोठे बौद्धिक धाडस होते. परंतु ती संख्या तर्काने आली होती, मोजून आली नव्हती. आजकाल सभा-समारंभांतून 'आधुनिक विज्ञान जे आज सांगते ते आपल्या ग्रंथांत आधीच होते' असे सर्व धर्मांचे वक्ते सांगतात. आपल्या व्यासपीठांवरूनही ते अधूनमधून ऐकू येते, आणि तेथे ते विशेष खटकते. कारण केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश नेमका याच्या उलट आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, असा त्याचा आशय आहे. धम्माला 'एहिपस्सिक' म्हणतात. म्हणजे 'ये आणि पाहा' असे बोलावणारा. ज्याला पाहण्याचे आमंत्रण मिळाले आहे, त्याने पाहण्याची साधनेही मिळवली पाहिजेत.

क्षण पाहण्याची साधने गेल्या साठ वर्षांत माणसाने कशी घडवली, हे जाणून घेणे म्हणूनच उद्बोधक ठरेल. ही हकिकत अतिलघु प्रकाशस्पंदांची आहे. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकाश मिळवला. त्यानंतर चारच वर्षांच्या आत कार्बन डायऑक्साइड वायूचा शक्तिशाली लेसर सिद्ध झाला. तो सिद्ध करणारे चंद्रकुमार नारणभाई पटेल आपल्याच पुणे जिल्ह्यात, बारामती येथे १९३८ साली जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. लेसरचे विज्ञान आपल्यापासून दूर आहे, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही.

लेसरमध्ये दोन आरशांच्या मध्ये प्रकाश मागे-पुढे धावत राहतो. त्या जागेत एकाच वेळी किंचित वेगवेगळ्या कंपनसंख्येच्या हजारो लहरी नांदू शकतात. प्रत्येक लहर आपल्या मनाने चालली, तर त्यांची बेरीज म्हणजे नुसता अस्थिर, मंद प्रकाश. पण सर्व लहरींचे माथे ठरावीक क्षणी एकाच ठिकाणी येतील असे त्यांना जखडून टाकले, तर तेथे त्या एकमेकींना बळ देतात आणि इतरत्र एकमेकींना पुसून टाकतात. मग प्रकाशाचा एक अत्यंत आखूड, प्रखर तुकडा तयार होतो. या युक्तीला 'मोड-लॉकिंग' म्हणतात आणि त्या तुकड्याला स्पंद. जेवढ्या अधिक लहरी एका तालात, तेवढा स्पंद आखूड. टायटॅनियम मिसळलेल्या नीलमण्याचा लेसर पीटर मोल्टन यांनी १९८२ मध्ये पुढे आणला. १९९१ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यातून सहजगत्या असे स्पंद मिळू लागले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ही साधने पोहोचली.

आता आकड्यांकडे वळू. अशा लेसरचा एक स्पंद सुमारे १०० फेमटोसेकंदांचा असतो. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, त्यातील एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग केले, तर एक फेमटोसेकंद मिळतो. एका फेमटोसेकंदाचे एका सेकंदाशी जे नाते, तेच एका सेकंदाचे सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांशी. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश १०० फेमटोसेकंदांत फक्त ३० मायक्रोमीटर जातो. म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याइतकाही नाही.

स्पंद किती आखूड, हा अर्धाच विचार झाला. तो किती वेळा येतो, हा उरलेला अर्धा. आरशांच्या मधली वाट जाऊन-येऊन पावणेचार मीटर असली, की प्रत्येक फेरीला एक याप्रमाणे सेकंदाला आठ कोटी स्पंद बाहेर पडतात. अभिधर्मकोशाच्या कोष्टकातील एका क्षणात, म्हणजे सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागात, असे दहा लाखांहून अधिक स्पंद मावतात. आणि तरीही हा लेसर बहुतांश काळ अंधारातच असतो. दोन स्पंदांमधले अंतर स्पंदाच्या सव्वा लाख पट आहे. त्यामुळे सरासरी एकच वॅट शक्तीचा, घरातल्या एलईडी दिव्याहूनही दुबळा वाटणारा हा प्रकाश स्पंदाच्या ऐन भरात सव्वा लाख वॅटपर्यंत चढतो. मावळातल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पाच अश्वशक्तीचे तेहतीस पंप एकदम चालू केल्यासारखे. पण केवळ १०० फेमटोसेकंदांपुरते.

या स्पंदांनी पाहायचे कसे? प्रत्येक स्पंदाचे दोन भाग करतात. पहिला भाग रेणूला धक्का देतो. दुसरा किंचित उशिरा येऊन त्याची अवस्था टिपतो. हा उशीर घड्याळाने साधत नाहीत, आरसा सरकवून साधतात. आरसा एका मायक्रोमीटरच्या सातव्या भागाइतका मागे घेतला की दुसऱ्या भागाला सुमारे एक फेमटोसेकंद उशीर होतो. या रीतीने रासायनिक बंध तुटताना पाहिल्याबद्दल अहमद झेवेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ मध्ये याच रीतीने आणखी एक गोष्ट उमगली. प्रकाश डोळ्यात शिरल्यावर दृष्टिपटलातील रेटिनल नावाचा रेणू आपला आकार बदलतो. हा बदल सुमारे २०० फेमटोसेकंदांत पुरा होतो आणि पाहण्याची क्रिया येथूनच सुरू होते. 'ये आणि पाहा' यातील 'पाहणे' केवढ्या क्षणात घडते, याचे हे मोजलेले उत्तर आहे.

यातून घेण्याजोगा मुख्य बोध असा, की एका स्पंदाने जवळजवळ काहीच दिसत नाही. रेणूकडून परत येणारी खूण इतकी क्षीण असते, की ती उपकरणाच्या गोंगाटात बुडून जाते. म्हणून तोच प्रयोग, तसाच, पुन्हा करावा लागतो. दहा हजार वेळा मोजून सरासरी काढली तर गोंगाट शंभरपट कमी होतो. शंभरपट स्पष्टता हवी तर दहा हजार वेळा कष्ट, असा हा हिशोब आहे. सेकंदाला कोट्यवधी स्पंद देणाऱ्या लेसरची थोरवी येथे कळते. एखादा स्पंद दिपवून टाकणारा असला, तरी ज्ञान हाती लागते ते न चुकता, एकसारख्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्पंदांमुळे.

अर्थात प्रत्येक गोष्टीची किंमत असते. स्पंद फार बलवान हवा असेल, तर तो वर्धित करणारा स्फटिक तापतो आणि त्याला निवण्यास वेळ द्यावा लागतो. म्हणून अतिशय बलवान लेसर सावकाश चालतात. १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड या विद्यार्थिनीने जेरार मूरू यांच्या मार्गदर्शनाखाली एक तोड शोधली. स्पंद आधी ताणून लांब करायचा, मग वाढवायचा आणि शेवटी पुन्हा आवळायचा. या कामाला २०१८ चे नोबेल मिळाले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली जी प्रयोगशाळा उभी राहिली, तेथे याच तंत्राने लाखो कोटी वॅटचे स्पंद निर्माण करून घन पदार्थाच्या पृष्ठभागावर रोखले जातात आणि ताऱ्यांच्या अंतर्भागाची आठवण करून देणाऱ्या तप्त आयनद्रायूचा अभ्यास होतो. या कार्यासाठी त्यांना २००३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१५ चे इन्फोसिस पारितोषिक लाभले.

आता जगाचा ओढा बळाला वारंवारतेची जोड देण्याकडे आहे. याच संस्थेच्या हैदराबाद केंद्रातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाकाय लेसर वापरला नाही. सेकंदाला हजार स्पंद देणारा लहान लेसर त्यांनी मिथेनॉलच्या सूक्ष्म थेंबांवर रोखला आणि पूर्वी फार मोठ्या यंत्रांकडूनच अपेक्षिलेल्या, दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मिळवले. अमेरिकेत स्टॅनफर्डजवळच्या स्लॅक प्रयोगशाळेतील क्ष-किरण लेसर पूर्वी सेकंदाला १२० स्पंद देत असे. २०२३ मध्ये सुरू झालेली त्याची नवी आवृत्ती दहा लाखांपर्यंत जाण्यासाठी घडवलेली आहे. आपल्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर, पुण्याच्या पाषाण भागातील आयसर संस्थेतही अतिलघु स्पंदांनी रेणूंचा आणि अर्धवाहकांचा अभ्यास चालतो.

मावळच्या माणसाला हे तत्त्व खरे तर नवे नाही. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी काळ्या बेसाल्टात कोरलेली आहेत. एका घावात तेथे काहीही घडले नाही. छिन्नीचा एक घाव, एक कपची, पुन्हा घाव, असे करत पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी ते चैत्यगृह डोंगरातून मोकळे केले. आजचा अतिलघु स्पंदांचा लेसर काच किंवा धातू कोरतो, तेव्हा तोही असाच वागतो. प्रत्येक स्पंद कणभर पदार्थ उडवतो, आणि उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच संपतो. म्हणून कड स्वच्छ राहते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत बुबुळावरील पारदर्शक पटलात काप घेणारा लेसरही सेकंदाला हजारो सूक्ष्म स्पंद शेजारी-शेजारी टाकून आपले काम साधतो.

आता आमच्या मूळ म्हणण्याकडे येतो. अनेक शाळांत विज्ञानखोली असते, तिच्यात काचेचे कपाट असते आणि कपाटाला कुलूप असते. तपासणीच्या दिवशी ते उघडते. वर्षातून एकदा शिक्षक टेबलापाशी प्रयोग 'करून दाखवतात', साठ मुले लांबून पाहतात, आणि निष्कर्ष वहीत उतरवून घेतात. हा एकच स्पंद आहे. फार तर दिपवणारा. त्याने मुलाला काही दिसत नाही, कारण त्याने स्वतः मोजलेले नसते, चुकलेले नसते आणि पुन्हा मोजलेले नसते. अशा मुलाने 'विज्ञान सांगते' म्हणणे आणि 'ग्रंथ सांगतो' म्हणणे यांत मग कितीसा फरक उरतो?

निवासी शाळेला येथे एक अशी सोय आहे, जी दिवसाच्या शाळेला नाही. आपली मुले पाच वाजता घरी जात नाहीत. सायंकाळ आपल्या हाती आहे. म्हणून आमची सूचना अशी, की विज्ञानखोली रोज सायंकाळी एक तास उघडी राहावी आणि तिची किल्ली इयत्ता आठवी-नववीच्या दोन विद्यार्थ्यांकडे आळीपाळीने असावी. काही वस्तू तुटतील. त्यांची तरतूद अंदाजपत्रकात आधीच करावी. न तुटलेले पण न वापरलेले साहित्य ही त्याहून मोठी हानी आहे.

फेमटोसेकंद लेसर शाळेच्या आवाक्यातला नाही, आणि त्याची गरजही नाही. साधा लाल लेसर दिवा, तो कधीही कोणाच्या डोळ्यावर न रोखण्याची शिस्त पाळून, पुरेसा आहे. त्याच्या वाटेत डोक्याचा एक केस ताणून धरला की दोन मीटरवरच्या भिंतीवर उजेडाच्या आणि अंधाराच्या पट्ट्या उमटतात. केस सत्तर मायक्रोमीटर जाड असेल, तर पट्ट्यांमधले अंतर दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर येते. पट्टीने ते मोजून केसाची जाडी काढता येते. ती एकदा काढू नये. वीस मुलांनी वीस वेळा काढावी आणि उत्तरे किती पांगतात ते फळ्यावर मांडावे. लंबकाचे आंदोलन शंभर वेळा मोजावे. चुटकीचा आवाज भ्रमणध्वनीत ध्वनिमुद्रित करून ती किती काळ टिकते ते तपासावे आणि ६५ क्षणांच्या मताशी ताडून पाहावे. आपल्याच परंपरेतील विधान आपल्याच मुलांनी आदराने आणि निर्भयपणे तपासले, तर तो आमच्या मते परंपरेचा सर्वोच्च सन्मान ठरेल. दर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, पुण्यातील आयुका संस्था विद्यार्थ्यांसाठी आपली दारे खुली करते. तेथे सहल जावी. परंतु जाण्याआधी मुलांच्या वहीत स्वतः मोजलेले आकडे असावेत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आमच्या मुलांना आधी नोकरी मिळू द्या, प्रयोग नंतर. गरिबीतून आलेल्या पालकांची ही चिंता खरी आहे आणि तिच्याविषयी आम्हांस आदर आहे. पण गुणपत्रिकेने उघडलेले दार पुढे टिकवून धरायला हाताचे आणि बुद्धीचे कसब लागते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना केवळ मुलांच्या जेवणाखाण्याची सोय करायची नव्हती. ज्ञानाच्या ज्या खोल्या आपल्याला बंद होत्या, त्यांत आपल्या मुलांनी हक्काने वावरावे, हा त्यामागील हेतू होता. विज्ञानखोली ही तशीच एक खोली आहे, आणि तिचे कुलूप आज आपल्याच हातात आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नाही, मग रोजचा तास कोठून आणावा? याचे उत्तर ॲन लुईलिए यांच्या उदाहरणात आम्हांस दिसते. फेमटोसेकंदाच्याही हजाराव्या भागाकडे, अॅटोसेकंदाकडे नेणारी वाट त्यांनी १९८७ मध्ये ऑर्गन वायूवरील प्रयोगांतून दाखवली. २०२३ मध्ये पिएर अगोस्तिनी आणि फेरेंत्स क्राउस यांच्यासह त्यांना नोबेल जाहीर झाले, तेव्हा त्या स्वीडनमधील लुंड विद्यापीठात वर्ग घेत होत्या. मधल्या सुटीत त्यांना दूरध्वनीवर बातमी कळली, आणि त्या परत जाऊन उरलेला तास शिकवून आल्या. ३६ वर्षांच्या कामाला मान्यता मिळाली त्या दिवशीही रोजचा तास त्यांनी चुकवला नाही. वेळ असा सापडतो.

आश्रयदात्यांसाठी शेवटी एक शब्द. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखांत व्यापाऱ्यांबरोबर सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे आणि दरवाजा घडवणाऱ्या सुताराचेही नाव आहे. कोणी एक खांब दिला, कोणी दाराचा भाग. एकट्याने अख्खे लेणे दिले नाही, तरी लेणे उभे राहिले. या स्मरणिकेतही दात्यांची नावे असतील. ज्यांना यापुढे काही द्यावेसे वाटेल, त्यांनी एक भिंग, एक लोलक, एक अचूक घड्याळ द्यावे, आणि वर्षभराने येऊन ते किती झिजले आहे ते पाहावे. वस्तू नव्यासारखी चकचकीत आढळली, तर आम्हांस जाब विचारावा.